थर्टी-थर्टी घेण्याआधी काडतुसांचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लांज्याकडे आंबा-काजूची बाग आहे, रानडुकरांनी सुरण आणि काजूची नवी रोपं उकरून टाकली, शेतीसंरक्षणाचा परवाना नुकताच हातात आलाय. ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ वडिलांच्या वेळची विंचेस्टर मॉडेल ९४, लिव्हरवाली (चापाखालची दांडी मारून काडतूस चढवायची), थर्टी-थर्टीची (म्हणजे .३०-३० काडतुसाची) रायफल विकायला काढतायत. सोबत जुनी काडतुसं फुकट. घ्यावी का?

रायफल म्हणून विचाराल तर झकास वस्तू. जॉन ब्राउनिंगने १८९४ साली बसवलेली रचना आणि वर्षभराने आलेलं थर्टी-थर्टी काडतूस, ही जोडी शंभराहून जास्त वर्षं टिकली ती उगाच नाही. वजन तीन किलोच्या आसपास, अंगाने चपटी, झाडीत अडकत नाही. १९६४ च्या आधी बनलेली असेल तर आणखी बरं. त्या वर्षी कारखान्याने खर्च कमी करायला आतले काही भाग बदलले, म्हणून जाणकार आधीच्या मालाला जास्त भाव देतात.

तरी तुमच्या बागेसाठी मी ती घेणार नाही. कारण काडतूस. आपल्याकडच्या सरकारी कारखान्यांत बारा बोअरचं (छर्ऱ्याच्या बंदुकीचं) बनतं, .३१५ रायफलचं बनतं, थर्टी-थर्टीचं बनत नाही. परदेशी शस्त्रं आणि काडतुसं सामान्य परवानाधारकाला मागवता येणं १९८० च्या दशकातच बंद झालं. म्हणजे बाजारात जे काय असेल ते कुणाच्या तरी कपाटातलं जुनं. दुकानदाराकडे असलंच तर तो सांगेल तो भाव, आणि पुढच्या वर्षी असेल याची हमी नाही. बारा बोअरचं काडतूस मात्र रत्नागिरी-कोल्हापूरकडे दुकानात विचारलं तर मिळण्याची आशा असते.

आणि ती फुकट काडतुसं. ती त्यांच्या परवान्यावरची आहेत, तुमच्या परवान्यावर त्या बोअरची नोंद नसेल तर एक काडतूससुद्धा खिशात ठेवू नका. शिवाय कोकणातल्या दमट हवेत तीस-चाळीस वर्षं पडलेल्या काडतुसाच्या पितळेला हिरवट थर आलेला असतो, टोपी (बुडाची, दारू पेटवणारी) मेलेली असते, दारू कधी पेटते कधी नाही. चाप ओढला आणि बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं. उशिरा पेटणारी काडतुसं असतात. बार झाला पण आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, तर पुढचं काडतूस अजिबात चढवायचं नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गेली की नळी फुटते. रिकाम्या पितळ्या घरी भरून वापरू, असा सल्ला कोणी दिला तर त्यालाही नमस्कार करा. काडतूस बनवणं हेही परवान्याचंच काम आहे.

आता जमिनीचं. माझ्या मते हाच भाग लोक सगळ्यात कमी बोलतात. थर्टी-थर्टीची १७० ग्रेनची, म्हणजे अकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसहाशे मीटरहून जास्त वेगाने सुटते आणि नेम चुकला तर दोन किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. तुमची बाग उतारावर, खाली वाडी, मध्ये पाणंद, पहाटे कोणी आपला गुरं सोडायला निघालेला. वर सड्यावर तर जांभ्याचा कातळ. कातळाला लागलेली गोळी कुठे वळेल ते सांगता येत नाही, ती सपाट दगडावरून पाण्यावरच्या भाकरीसारखी उसळते. बारा बोअरच्या एसजी काडतुसाचे मोठे छर्रे चाळीस मीटरनंतर विखुरतात आणि त्यांचा जोरही लवकर ओसरतो. बागेत डुक्कर तेवढ्याच अंतरावर दिसतं, मग रायफलचा लांबचा पल्ला हा उपयोग नव्हे, जोखीमच. छर्रेही निरुपद्रवी नाहीत. पण मचाणावरून खाली, मऊ मातीत बार जाईल असं बसलं की निम्मी काळजी मिटते. अंधारात झुडूप हललं म्हणून बार काढला आणि सोबतीच गेला, अशा बातम्या कोकणात आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. बॅटरीच्या उजेडात पूर्ण जनावर आणि त्याच्यामागची माती दिसेपर्यंत बोट चापावर नको.

परवान्यावर शस्त्राचा प्रकार काय लिहिलाय तेही बघा. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बहुधा एकनळी किंवा दुनळी बारा बोअर अशी स्पष्ट नोंद असते. तसं असेल तर रायफल चढवायला जिल्हाधिकाऱ्यांकडे बदलाचा अर्ज करावा लागेल, आणि रायफलच का हवी हे पटवावं लागेल. विकणाऱ्यालाही काम आहे: शस्त्र कायद्याप्रमाणे विक्रीचा इरादा जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस जावे लागतात. त्यांच्या वडिलांच्या नावावरची रायफल रीतसर त्यांच्या नावावर झाली होती का, हेही विचारा. वडील गेले आणि बंदूक तशीच माळ्यावर राहिली, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. नंबर परवान्याशी जुळत नसेल तर तिथूनच माघारी फिरा.

आणखी एक, कारण प्रश्नात तुम्ही 'आता डुकरांचा बंदोबस्त करतो' असं लिहिलंय. परवाना शस्त्राचा असतो, डुकराचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकरालाही संरक्षण आहे, मारायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्यायची. गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे. तो बागेत शिरला तर बंदूक घरात ठेवून वनपालांना फोन करायचा. बरेचदा नुसता आवाजाचा बारही पुरतो, त्यासाठी फटाके आहेतच.

एवढं वाचूनही रायफल घ्यायचीच असेल (घ्याल, मला ठाऊक आहे, लिव्हरचा तो खट्-खट् आवाज माणसाला बधवतो), तर भर दुपारी उजेडात, नळी आणि मॅगझिन (काडतुसं भरून ठेवायची, नळीखालची दुसरी नळी) दोन्ही रिकामी आहेत हे स्वतः बघून तपासा.

नळीचं टोक आधी. मॉडेल ९४ मध्ये मागून सरळ गज घालता येत नाही, सगळी साफसफाई पुढून होते. पिढ्यान्‌पिढ्या पुढून गज फिरवला की टोकाकडच्या आट्या (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) झिजतात आणि नेम फाटतो. मार्लिन ३३६ या दुसऱ्या लिव्हरवाल्या रायफलीचा लिव्हरचा स्क्रू काढला की बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बाहेर येतो आणि मागून साफ करता येतं, त्यामुळे तिथे ही भीती कमी. छोटी टॉर्च घेऊन आत बघा: आट्या धारदार हव्यात. तांबूस गंज पुसून जातो, खड्डे जात नाहीत.

मग घोडा. मॉडेल ९४ च्या जुन्या बनावटीत वेगळं सेफ्टीचं बटण नसतं, घोड्याची अर्धी खाच हीच सेफ्टी. घोडा अर्ध्यावर ठेवून चाप दाबा, तो पडता कामा नये. पडला तर रायफल भिंतीवर लावायची वस्तू आहे. लिव्हर पूर्ण बंद केल्यावर बोल्टमागची कडी नीट वर येऊन बसते का पाहा, फट राहिली तर सोडून द्या. डमी काडतुसं घालून पाच-सहा वेळा लिव्हर फिरवा, अडकली तर मॅगझिनच्या नळीला पोचा असेल किंवा स्प्रिंग मेली असेल. दस्त्याची लाकडं धातूला जिथे भिडतात तिथली बारीक चीर नखाने चाचपा. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या तर गावच्या कुणा हौशी मिस्त्रीने हात मारलाय असं समजा.

काडतुसं चपट्या किंवा गोल नाकाचीच घ्या. नळीच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक काडतूस असतं, टोकदार गोळीचं टोक पुढच्याच्या टोपीवर टेकतं आणि धक्क्याने आतच उडू शकतं.

पहिला बार बागेत नाही, जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनच्या मैदानावर विचारून, जाणत्या माणसासमोर. पन्नास मीटरवर टेकून मारा, कान झाका. खरी गडबड बार काढताना होत नाही, बार न काढता घोडा उतरवताना होते. ओल्या अंगठ्यातून तो सुटला की गोळी सुटलीच. म्हणून काडतूस मॅगझिनमध्ये राहू द्या, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं, आणि लिव्हर मारायची ती निशाणा समोर दिसल्यावर. रिकामी करतानाही काडतुसं लिव्हरनेच एकेक चेंबरमधून जातात, तेव्हा बोट चापाबाहेर आणि नळी मातीकडे.

खारी हवा आणि पाऊस यांना लाकूड-पोलाद दोन्ही आवडतं. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या म्यानात बंद करून ठेवू नका, आत ओल धरते. पावसाळ्यात पंधरवड्याला तेलाचा हात फिरवा. निवडणुका लागल्या की शस्त्र ठाण्यात जमा करायला सांगतात, आणि ते पावसात तिथे पडून राहू शकतं. जमा करण्याआधी नळीत आणि बोल्टवर जाडसर ग्रीस लावा आणि पावतीवर रायफलचा नंबर व काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय निघू नका.