आमच्या 12 जणांच्या कंपनीत गुगल वर्कस्पेस (कंपन्यांसाठीचं मेल, शीट वगैरेंचं पॅकेज) आहे. ॲपशीटचा, म्हणजे कोडिंग न करता कामाची ॲप बनवायच्या गुगलच्या साधनाचा, स्टार्टर प्लॅन घ्यावा की कोअर?

दोन्हीपैकी काहीच विकत घेऊ नका; बहुतेक वर्कस्पेस प्लॅनमध्ये ॲपशीट कोअर आधीच समाविष्ट असतं. ॲडमिन कन्सोलमध्ये (वर्कस्पेसच्या सेटिंगच्या पानावर) ते चालू आहे का, एवढं आधी तपासा. छोट्या कंपन्यांना अशी ॲप करून देताना मला हे वारंवार दिसतं: ज्याचे पैसे आधीच भरलेत, त्याचेच लोक पुन्हा भरतात. वेगळं घ्यायचं झालं तर स्टार्टर दरमहा माणशी 5 डॉलर, कोअर 10. हा हिशेब माणसांवर असतो, ॲपच्या संख्येवर नाही. त्यामुळे एकाच ॲपवर थांबू नका. स्टॉक, हजेरी, साइट व्हिजिट, सगळं त्याच लायसन्समध्ये बसतं.

अडचण येते ती वर्कस्पेस खातं नसलेल्या माणसांची, म्हणजे ड्रायव्हर, फिल्डवरची मुलं, बाहेरचे कंत्राटदार. साध्या जीमेलने लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळं लायसन्स लागतं. त्यांच्यासाठीही मी कोअरच घेईन, कारण कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणारे सिक्युरिटी फिल्टर त्यात मिळतात. पैसे वाचवायला सगळ्यांना एकच लॉगिन मात्र देऊ नका. नोंद कोणी केली हे मग कधीच कळत नाही.

डेटा गुगल शीटऐवजी मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये असेल तर कोअर पुरत नाही, ॲपशीटचा वरचा एंटरप्राइझ प्लस प्लॅन लागतो. पैसे भरण्याआधी 10 जणांपर्यंत फुकट चाचणी घेता येते, तीही खऱ्या डेटावर घ्या.