उन्हाळ्यात तळ्यातले मासे पहाटे वर येतात, औषध कोणतं टाकावं?

तुम्ही लिहिलंय की ऊन कडक झाल्यापासून मासे खाद्य अर्धवट टाकतात, पहाटे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि दुपारी मात्र ठीक दिसतात. माझं मत विचाराल तर सध्या औषध काहीच टाकू नका. सूर्य उगवायच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन मोजा.

माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर चढतं. पाणी दहा अंशांनी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. नेमकं तेव्हाच पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: गोड्या पाण्यात 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे खर्च वाढला आणि पगार कापला. त्यात तळं हिरवं असेल तर शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच वापरतं, म्हणून पहाटे सगळ्यात वाईट अवस्था असते. दुपारी मासे ठीक दिसतात ते यामुळेच. दुपारच्या मोजमापावर विसंबून राहणारे बरेच जण इथेच फसतात.

हे रोज घडत राहिलं की माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढं राहतं. त्याने वाढ खुंटते आणि प्रतिकारशक्तीही दबते. श्वासासाठी कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवावं लागतं, त्यामुळे पाण्यातलं जे काही वाईट असेल त्याचा माराही वाढतो. अमोनियाचंच घ्या. पीएच 8 असताना पाण्याचं तापमान 20 अंशांवरून 30 वर गेलं, की एकूण अमोनियातला विषारी हिस्सा जवळपास दुप्पट होतो. एरोमोनास, स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूंना मात्र असं गरम पाणी मानवतं. तिलापिया माशांत स्ट्रेप्टोकोकसची साथ येते ती बहुधा उष्ण दिवसांतच. म्हणून मरतुक कित्येकदा उष्णतेच्या लाटेत न होता ती ओसरल्यावर सुरू होते, आणि मग दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

किती तापमान जास्त, हे जातीवर आहे. ट्राउट 20 अंशांच्या पुढे त्रासू लागतो, तर रोहू, तिलापिया तिशीच्या आसपास मजेत असतात.

आता करायचं काय? खाद्य कमी करा, वाटल्यास एक-दोन दिवस बंदच ठेवा. पचनालाही ऑक्सिजन लागतो, आणि न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजून अमोनिया वाढवतं. द्यायचं तेव्हा ऊन थोडं वर आल्यावर द्या, संध्याकाळी उशिरा नको. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री उशिरापासून सकाळपर्यंत चालवा. पहाटेचा ऑक्सिजन लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या खाली दिसला तर त्याच दिवशी हालचाल करा. जाळं ओढणं, वजन घेणं, मासे हलवणं हे सगळं पुढे ढकला.

अंगावर लाल चट्टे, बाहेर आलेले डोळे किंवा गोल गोल पोहणं दिसलं, तर मरणाला टेकलेला पण जिवंत मासा तपासणीला न्या. औषध त्या निदानानंतर ठरवा, कारण खाद्यातून दिलेलं अँटिबायोटिक न खाणाऱ्या माशाच्या पोटात जातच नाही.