दोन पाकिटे, एक नाव : झेंडू नेमका कोणता?

प्रश्न : ‘मेरीगोल्ड’ असे छापलेल्या दोन पाकिटांतील बी मी एकाच वाफ्यात पेरले. एकाची रोपे नेहमीच्या झेंडूसारखी आली; दुसऱ्याची पाने मात्र लांबट, अखंड आणि किंचित चिकट आहेत. फुले दोन्हींची केशरीच आहेत. दुसराही झेंडूच समजावा काय? आणि दोन्हींचे बी धरले, तर ते मिसळेल काय?

उत्तर : आपण पानांकडे पाहिलेत, हे फार चांगले केलेत; कारण फुलाच्या रंगावर विसंबून येथे हमखास फसगत होते. आपले दुसरे रोप कॅलेंड्युलाचे दिसते. इंग्रजीतील ‘मेरीगोल्ड’ हे नाव मुळात त्याचेच. अमेरिका खंडातून झेंडू युरोपात पोहोचला, तेव्हा रंगसाम्यामुळे तेच नाव त्यालाही चिकटले. दोन्ही सूर्यफुलाच्या कुलातील असले, तरी त्यांच्या प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, वेगळ्या आहेत.

झेंडूची प्रजाती टॅजेटिस. तिच्यात सुमारे 50 जाती असून त्या मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. उंच, मोठ्या फुलांचा ‘आफ्रिकन’ आणि बुटका ‘फ्रेंच’ झेंडू हेही मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचेच, त्यामुळे ही विशेषणे दिशाभूल करणारी आहेत. झेंडूचे पान पिसासारखे विभागलेले असते. ते उजेडासमोर धरून पाहा : त्यात बारीक अर्धपारदर्शक ठिपके दिसतील. त्या तैलग्रंथी होत; पान चुरगळताच येणारा उग्र वास त्यांच्यातलाच. बियांनी तर उरलासुरला संशयही फिटतो. झेंडूचे बी सुईसारखे सरळ, काळे आणि टोकाला फिकट झुपका असलेले, तर कॅलेंड्युलाचे नखासारखे वाकडे व खरबरीत असते.

हा भेद केवळ नावापुरता नाही. मुळांना उपद्रव देणाऱ्या सूत्रकृमींचा बंदोबस्त करण्यासाठी झेंडू लावतात, तो त्याच्या मुळांतील अल्फा-टरथायेनिल या द्रव्यासाठी. कॅलेंड्युला लावून तो हेतू साधत नाही. झेंडूचाही खरा उपयोग तो दाट लावून काही महिने जमिनीत वाढू दिला तरच होतो, कडेला चार रोपे लावून नव्हे.

बी मिसळण्याची चिंता नको, कारण या दोन प्रजातींचा संकर होत नाही. आफ्रिकन व फ्रेंच झेंडूंचा मात्र होतो. पहिल्यात 24 आणि दुसऱ्यात 48 गुणसूत्रे असल्याने, दोघांकडून निम्मी-निम्मी मिळून संकरित रोपात 36 येतात. अशा रोपाला सहसा बी धरत नाही, पण ते फुलत राहते ते दीर्घकाळ.