कमी उंचीच्या बंधाऱ्यामागे किती वर्षांत गाळ भरेल, हे ब्रूनच्या वक्रावरून काढता येते का?

आपल्या प्रश्नात बंधाऱ्याची साठवण क्षमता २ लाख घनमीटर आणि वार्षिक येवा (वर्षभरात वाहून येणारे पाणी) १० कोटी घनमीटर दिला आहे. म्हणजे क्षमता आणि येवा यांचे गुणोत्तर ०.००२ येते. येणाऱ्या गाळापैकी किती टक्के अडकतो हे या गुणोत्तरावरून दाखवणारा, ब्रून यांनी १९५३ मध्ये मांडलेला वक्र या टोकाला जवळजवळ शून्यावर येतो, आणि त्यावर विसंबल्यास ‘गाळ साचणारच नाही’ असा निष्कर्ष निघेल, जो वाळूच्या बाबतीत साफ चुकीचा ठरेल.

अशा ठिकाणी मी कणाच्या आकारापासून सुरुवात करतो. स्थिर पाण्यात ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण ३ मीटर खाली बसायला दोन-तीन मिनिटे घेतो, ०.०१ मिलिमीटरच्या बारीक कणाला त्याच अंतरासाठी सुमारे नऊ तास लागतात. आता आपल्या तलावातून सेकंदाला १०० घनमीटरचा पूर जात असेल, तर पाणी तिथे जेमतेम ३३ मिनिटे थांबते. पुरातल्या खळबळीमुळे कण खाली बसायला आणखी वेळ लागतो हे धरूनही वाळू बरीचशी अडकेल, बारीक गाळ मात्र बहुतांश सांडव्यावरून निघून जाईल. हेच गणित वार्षिक सरासरी विसर्गावर केले, तर पाणी साडेसतरा तास थांबते असे दिसते आणि बारीक गाळही बसेल असा भास होतो. प्रत्यक्षात वर्षाचा बहुतेक गाळ मोजक्या पुरांतच येतो, म्हणून हिशेब सरासरीवर न करता पूरनिहाय करावा.

वर्षाला इतका गाळ, म्हणून अमुक वर्षांत तलाव भरेल, हा त्रैराशिकाचा हिशेबही इथे चालत नाही. भरणा वाढतो तसा प्रवाहाचा काटछेद आक्रसतो, पुरातला वेग वाढतो आणि शेवटी येणारी वाळू तळावरून तशीच पुढे सरकू लागते. शिवाय हा भरणा फुगवट्याच्या वरच्या टोकाकडे, मूळ तळापेक्षा कमी उताराने पसरतो, त्यामुळे बंधाऱ्यापासून दूरवरची पूरपातळीही वाढू शकते. (ही बाब अनेक अहवालांत सुटलेली मी पाहिली आहे.)

गाळाच्या टनांचे घनमीटर करतानाही एकच घनता वापरू नये: सतत पाण्याखाली राहणाऱ्या ताज्या चिकणमातीसाठी घनमीटरला सुमारे ४१६ किलो, तर वाळूसाठी सुमारे १५५० किलो धरतात. गणिती प्रारूप (मॉडेल) कोणतेही वापरा. ठरावीक काटछेद मोठ्या पुराआधी आणि पुरानंतर मोजून प्रारूपाचे आकडे त्या मोजणीशी जुळवून घेतल्याशिवाय पुढच्या वर्षांचा अंदाज देऊ नये.