एकदाही खाडा न केलेला गोलकीपर

चि. गोलकीपरबाईंस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. अंगात ताप असताना तू मॅच खेळलीस, कोचला पत्ता लागू दिला नाहीस आणि आई रागावली तेव्हा उलट तिलाच ऐकवलंस, "व्हेझिना नाही का तापात खेळला?" त्याचं वेड तुला मी लावलं, म्हणून तक्रार माझ्या दारात. तेव्हा आता त्याची गोष्ट पुरती ऐक. तू सोयीची तेवढी उचललीस.

आइस हॉकीतला हा जुना गोलकीपर, जॉर्ज व्हेझिना, कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या शिकुटिमी गावचा. जन्म १८८७. गावात बर्फाला तोटा नाही, तरी हा पोरगा अठरा वर्षांचा होईपर्यंत गोलमध्ये साध्या बुटांनिशी उभा राहायचा. स्केट्स पायात चढले ते त्यानंतर. फेब्रुवारी १९१० मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सचा व्यावसायिक संघ तिथे प्रदर्शनी सामना खेळायला आला आणि एकही गोल न करता परत गेला. त्यांचा स्वतःचा गोलकीपर जोसेफ कॅटरिनिच यानंच 'या पोराला घ्या' असा धोशा लावला, असं सांगतात. म्हणजे आपली खुर्ची आपणच दुसऱ्याला दिली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला व्हेझिना कॅनेडियन्सकडून उतरला आणि पुढची पंधरा वर्षं गोलमधून हलला नाही. लीगचे सव्वातीनशेहून जास्त सामने ओळीनं, हंगामाच्या शेवटचे प्लेऑफ वेगळे. १९१६ आणि १९२४ चे स्टॅन्ली कप, म्हणजे हॉकीतला सगळ्यात मोठा मान, त्यात आले.

आता त्याच्याकडून घ्यायचं काय, ते सांगतो. त्या काळी गोलकीपरला बर्फावर पडायची मुभा नव्हती. पडलास की शिक्षा. ओटावाचा क्लिंट बेनेडिक्ट दर मॅचला 'चुकून' इतक्या वेळा पडायचा, की शेवटी जानेवारी १९१८ मध्ये एनएचएलनं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक हॉकी लीगनं, नियमच सोडून दिला. पण व्हेझिना घडला तो आधीच्या काळात. तोंडावर मास्क नाही. पायाला पॅड होते, पण ते मूळचे आपल्या क्रिकेटवाल्यांचे. अशा माणसापाशी उरतं काय? उभं कुठे राहायचं याची अक्कल, आणि काठी. त्याची काठी नामांकित होती.

तुझे व्हिडिओ मी पाहतो. समोरच्यानं नुसता खांदा हलवला की तू गुडघ्यांवर. बटरफ्लाय, म्हणजे गुडघे टेकून पाय दोन्हीकडे पसरणं, आजच्या खेळात हवाच, पण तू तो पक (आपली ती रबरी चकती) सुटायच्या आधी करतेस. वरचे दोन्ही कोपरे मोकळे सोडतेस आणि मग ग्लोव्हला दोष देतेस. सरावाची पहिली दहा मिनिटं गुडघा टेकायचाच नाही असं ठरव. पुढे ये, कोन लहान कर, काठीचं पातं बर्फाला चिकटलेलं ठेव. पहिले काही दिवस गोल पडतील. पडू देत. व्हेझिनालाही पडायचे, तो ओरडायचा नाही, काठी आपटायचा नाही, पुढच्या शॉटसाठी उभा राहायचा. गोल पडल्यावर तू बचावपटूंकडे जे डोळे वटारून बघतेस ना, ते पहिलं बंद कर. वर बसलेल्या प्रेक्षकालाही ते दिसतं.

(त्याला बावीस मुलं होती, असं तू कुठेतरी वाचशील. त्याच्या मॅनेजरनं पत्रकारांना मारलेली ती थाप आहे. जगली ती दोन मुलं. कप जिंकला त्या सुमारास जन्मलेल्या धाकट्याच्या नावात बापानं 'स्टॅन्ली' घातलं, एवढं मात्र खरं.)

आता तापाचं. २८ नोव्हेंबर १९२५, माँट्रियल, समोर पिट्सबर्ग. व्हेझिनाच्या अंगात १०२ डिग्री ताप. पहिल्या पिरियडनंतर तो पुढे खेळू शकला नाही आणि त्याच्या जागी अल्फोन्स लाक्रुआ उभा राहिला. डॉक्टरांनी निदान केलं क्षयाचं. तेव्हा त्यावर औषध नव्हतं; स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून जवळपास वीस वर्षं होती. २७ मार्च १९२६ ला तो शिकुटिमीत गेला, एकोणचाळिसाव्या वर्षी. पुढच्या हंगामापासून त्याच्या नावाची ट्रॉफी सुरू झाली. ती देणाऱ्या कॅनेडियन्सच्या मालकांत तो जुना गोलकीपर कॅटरिनिचही होता.

तुझ्या डोक्यात बसलंय ते 'तापात उभा राहिला' एवढंच. मला दिसते ती ड्रेसिंग रूम. ओले जर्सी, बंद खिडक्या आणि आठवडेच्या आठवडे वजन उतरत चाललेला एक माणूस, कुणापाशी चकार शब्द न काढणारा. हवेतून पसरणारा रोग तो. आणि आजारी माणसाला खेळवलं की काय होतं, हे त्याला ऐकून नाही, बघून ठाऊक होतं. १९१९ मध्ये सिएटलला स्टॅन्ली कपची अंतिम मालिका फ्लूच्या साथीनं अर्धवट थांबली. कॅनेडियन्सचे खेळाडू एकामागून एक अंथरुणाला खिळले आणि जो हॉल ५ एप्रिलला तिथेच इस्पितळात गेला. व्हेझिना त्याच संघात होता. त्या वर्षी कप कुणालाच मिळाला नाही.

तरी त्याला मी फार बोल लावत नाही. तेव्हा संघाकडे एकच गोलकीपर असायचा. तो बसला तर उभं कोण राहणार? प्रत्येक सामन्याला दोन गोलकीपर तयार ठेवायचा नियम एनएचएलमध्ये १९६५ मध्ये आला. तुझ्याकडे ती सबब नाही. बाकावर दुसरी मुलगी पॅड बांधून बसलेली असते, वर्षभर तुझ्यासारखाच घाम गाळते. तिला त्या दिवशी उतरवायला हवं होतं. तू गेल्या आठवड्यात जे केलंस त्यात मला शौर्यापेक्षा जागा जाण्याची धास्तीच जास्त दिसते. राग आला तर येऊ दे.

व्यावसायिक करारापर्यंत पोचायचं आहे ना? मग कोचला आजच सगळं सांग. दोन दिवस बाहेर बसवतील, बसवू देत. ताप उतरल्यावरही लगेच मैदान गाठू नकोस, डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांब. डोक्याला पक किंवा गुडघा लागला आणि गरगरलं, तर तिथल्या तिथे हात वर करून बाहेर ये, स्कोअर काहीही असो.

आणि त्या दुसऱ्या गोलकीपरचं नाव मला अजून तू एकदाही सांगितलेलं नाहीस. पुढच्या पत्रात कळव, तिचेही व्हिडिओ पाठव.

आईला नमस्कार.

तुझा,
काका