पेप्सिन चाचणीत सारखी ठरलेली दोन खाद्ये आणि जठर नसलेला मासा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कार्पसाठी बनवलेल्या दोन खाद्यांपैकी एकात प्रथिनांचा मुख्य स्रोत फिशमील आणि दुसऱ्यात सोयापेंड होता; पेप्सिन या जठरात प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमच्या चाचणीत दोन्हींची प्रथिन-पचनीयता जवळजवळ सारखी आली, टाकीत मात्र सोयापेंडीवरचे मासे मागे पडले; तेव्हा प्रयोगशाळेतील कृत्रिम पचनावर विसंबावे का? आपला आकडा बहुधा बरोबरच असेल, पण कार्पच्या आतड्यात काय घडते याविषयी तो फारसे काही सांगत नाही.

कार्पला जठर नसते. अन्ननलिकेनंतर थेट आतडे सुरू होते, त्यामुळे आम्लाचा टप्पा नाही आणि पेप्सिनही नाही. प्रथिने तोडण्याचे काम ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि त्यांच्या जोडीची एन्झाइमे उदासीन ते किंचित अल्कधर्मी द्रवात करतात. प्रचलित पेप्सिन पद्धतीत मात्र चरबी काढलेला नमुना ०.०७५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ०.२ टक्के पेप्सिनबरोबर ४५ अंश सेल्सिअसला १६ तास ढवळत ठेवतात आणि गाळल्यावर उरलेल्या अवशेषातील नायट्रोजन मोजतात. जे गाळणीतून खाली उतरले ते पचले, असा सरसकट हिशेब असतो. नुसते विरघळलेले प्रथिनही त्यात जमा होते. शिवाय एवढे पेप्सिन आणि एवढा वेळ दिल्यावर बऱ्यावाईट मालातला फरक बुजतो, म्हणूनच फिशमीलची प्रत तपासताना पेप्सिन शंभरपट कमी, म्हणजे ०.००२ टक्के, घेण्याची पद्धत आली.

आपल्या बाबतीत खरी मेख आणखी पुढे आहे. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने असतात, त्यांतली कुनिट्झ आणि बोमन-बर्क ही दोन ठळक. पेंड नीट भाजली गेली नसेल तर ती शाबूत राहतात, आणि दुसरी तर गंधकाच्या अनेक बंधांनी आवळलेली असल्याने उष्णतेला अधिक दाद देत नाही. हे अवरोधक पेप्सिनच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे ज्या चाचणीत ट्रिप्सिनच नाही, तिच्यात सोयापेंडीचा हा दोष दिसण्याची सोयच नाही.

म्हणून प्रथम एक साधी चाचणी करावी. कार्पच्या आतड्याचा अर्क घ्यावा, त्यात खाद्याचे पाण्यातील द्रावण मिसळून ठराविक वेळ ठेवावे आणि प्रोटिएजची, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांची, क्रिया किती उरली ते नुसत्या अर्काशी ताडून पाहावे. दोन खाद्यांत मोठा फरक निघाला तर अर्धे उत्तर तिथेच मिळते. अर्कासाठी मासे खाऊन काही तास झालेले असावेत, आतडे बर्फावर ठेवून थंड पाण्यात वाटावे आणि अपकेंद्रित करून वरचा द्रव लहान कुप्यांत गोठवावा. बफर, म्हणजे सामू बदलू न देणारे द्रावण, वापरू नये, कारण पुढच्या टप्प्यात तो आडवा येतो.

तो टप्पा पीएच-स्टॅटचा. सामू ८ च्या आसपास प्रथिनातील अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध तुटला की प्रोटॉन मोकळे होतात आणि सामू घसरू लागतो. यंत्र थेंबाथेंबाने सोडियम हायड्रॉक्साइड घालून तो जागेवर ठेवते, आणि खर्च झालेल्या अल्कलीवरून किती टक्के बंध तुटले ते काढता येते. इथे गाळणीचा संबंध नाही. तुटलेले बंधच मोजले जातात. पण हे यंत्र भोळे आहे. पेंड भिजताना तिच्यातून येणारे आम्ल, फिशमीलमधील हाडांचे क्षार, हवेतून शिरणारा कार्बन डायऑक्साइड, या सगळ्यांसाठी लागलेली अल्कली ते पचनाच्याच खात्यावर मांडते. त्यामुळे एन्झाइम घालण्यापूर्वी सामू स्वतःहून स्थिर होईपर्यंत थांबावे, भांड्यावर नायट्रोजनचा मंद प्रवाह ठेवावा, आणि एन्झाइमविना खाद्य व खाद्याविना एन्झाइम अशा दोन्ही कोऱ्या चाचण्या घेऊन त्यांचा खर्च वजा करावा. खाद्याविना एन्झाइमची चाचणी अनेकजण टाळतात, पण अर्कातील एन्झाइमे एकमेकांनाही तोडत असतात.

प्रत्येक भांड्यात खाद्याचे वजन नव्हे, प्रथिनाचे वजन समान असावे, आणि अर्क मिलिलिटरवर न मोजता त्याच्या क्रियाशीलतेवर मोजावा. तापमान माशाच्या पाण्याइतके, कार्पसाठी साधारण २५ अंश, ठेवावे. ३७ अंश हा सस्तन प्राण्यांवरच्या पद्धतींतून आलेला आकडा आहे. नमुना दळल्याबद्दल खंत नको, कारण कार्पच्या घशात दाढांसारखे दात असतात आणि तो खाद्य चांगलेच चिरडतो. फक्त दोन्ही खाद्ये एकाच चाळणीतून काढावीत.

एवढे करूनही दोन्ही खाद्ये सारखीच पचत असतील, तर वाढीतील फरकाचे कारण पचनात शोधू नये. सोयापेंडीत मेथिओनिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि तिचा बराचसा फॉस्फरस फायटेट या वनस्पतींतील संयुगात अडकलेला असतो, जो कार्पला सोडवता येत नाही. पेंड जास्त भाजली असेल तर लायसिन हे दुसरे आवश्यक अमिनो आम्ल साखरेशी जखडले जाते; प्रथिन तुटते, पण ते लायसिन माशाच्या कामी येत नाही, आणि त्यासाठी उपलब्ध लायसिन वेगळे मोजावे लागते. याहून सोपे कारण म्हणजे मासे ते खाद्य कमी खात असतील. टाकीत दिलेल्या आणि उरलेल्या खाद्याची नोंद असेल तर ती इथे द्यावी, पुढचे बोलणे तिच्यावरच ठरेल.