खालिद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’ या कादंबरीत अमीरचं पाप शेवटी फिटतं का?

माझ्या मते नाही फिटत, फारतर ओझं जरा हलकं होतं. १९७५ च्या हिवाळ्यात काबूलच्या गल्लीत घरच्या नोकराचा मुलगा आणि लहानपणचा सोबती हसन याच्यावर अत्याचार होताना अमीर लपून बघतो आणि पळतो, पण मला त्याहून खटकतं ते नंतरचं, घड्याळ आणि पैसे हसनच्या गादीखाली ठेवून त्याला चोर ठरवणं, आणि तो बिचारा चक्क कबूलही करतो! मग रशियन फौजा, अमेरिका, तालिबान, एवढं सगळं होऊन हा २००१ मध्ये परत जातो तर हसन कधीच मारला गेलेला, माफी मागणार कुणाची? वाटेत एका गरीब घरात तो पुन्हा गादीखाली पैसे सरकवतो, यावेळी मदत म्हणून, तो सीन नीट वाचा. हसनच्या मुलाला, सोहराबला, सोडवून आणतो खरा, पण ते पोरगं पुढे कित्येक महिने बोलतच नाही.